मुकी कॅसेट

आमच्या गल्लीत मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो आणि शेजारच्या गाळ्यात तारमास्तर बसतात. खरं नाव त्यांना आहे, पण ते फक्त लाइटबिलावर. जुन्या गाडीत कंपनीनेच बसवलेला टेप असतो, त्याला बाहेरचं काही जोडायची सोयच नसते. बाकीचे दुकानदार सांगतात, काढून टाका, नवा बसवा. मास्तरांना तो बिचाऱ्या टेपचा अपमान वाटतो. ते टेप उघडतात, आत बारीक तारा डाग देऊन जोडतात आणि त्यांचं टोक गिअरजवळ बाहेर काढून देतात. खिशातला प्लेअर त्यात खोचला की गाणी सुरू.

पण एक मेख आहे. आत कॅसेट फिरत असल्याशिवाय तो टेप आवाजच सोडत नाही. म्हणून मास्तर प्रत्येक गिऱ्हाइकाला एक मुकी कॅसेट देतात. कोऱ्या कॅसेटी हल्ली मिळत नाहीत, तेव्हा जुन्याच गोळा करून ते घरच्या रेकॉर्डरवर पुसतात. माइकच्या भोकात एक रिकामी पिन खोचायची, म्हणजे रेकॉर्डरचे कान बंद. मग रेकॉर्डचं बटण दाबायचं. कॅसेटवरचं गाणं जातं आणि त्याच्या जागी काहीच येत नाही. "जेवायला बसताना लावतो," ते सांगायचे, "हात धुवेपर्यंत एक बाजू होते."

संध्याकाळी सहा वाजले की मास्तर हातातलं काम टाकून उठायचे. "निघतो. उशीर झाला की सूनबाई बोलते." सूनबाई अशी, सूनबाई तशी, तिने डबा दिला नाही म्हणून रुसलेला मुलगा, हे सगळं आम्ही अकरा वर्षं ऐकत आलो. मी तोंडाचा फटकळ. "पळा, दाराला कडी लागायच्या आत," असं रोज म्हणायचो. खरं सांगायचं तर मला हेवा वाटायचा. माझ्या घरी बायको, दोन मुली, पण मी आलो काय नि न आलो काय, टीव्हीवरून मान वळत नाही कुणाची.

गेल्या महिन्यात एका दुपारी मास्तर सुटे भाग आणायला गेले होते, तेव्हा एक नर्सबाई गाडी घेऊन आल्या. आठवड्यापूर्वी त्यांनी हेच काम करून नेलं होतं. त्या म्हणाल्या, "एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत मधेच कोणीतरी बोलतं हो. रात्रपाळीहून येताना दचकायला होतं."

मी गाडीत बसलो, प्लेअर उपसून काढला आणि आवाज मोठा केला. आत नुसती कॅसेट फिरत होती. नळ सुटला, बंद झाला. एक ताट ठेवल्याचा आवाज आला, एकच. मग मास्तर म्हणाले, "सूनबाई, आज मीठ कमी पडलंय." बराच वेळ काहीच नाही. मग तेच म्हणाले, "घ्या की वरून." आणि पुन्हा, "बरं, बरं." पुढे कितीतरी वेळ फक्त घास चावण्याचा आवाज होता.

नर्सबाईंनीच हात लांब करून टेप बंद केला. "यांच्या घरी कोणी नसतं का?" त्यांनी विचारलं. मी मास्तरांच्या खणातून दुसरी कॅसेट काढून त्यांना दिली, ती बोलणारी माझ्या मशीनखाली ठेवली आणि ठरवलं, तोंडातून ब्र काढायचा नाही. गल्लीत कळलं असतं तर महिनाभर हाच विषय पुरला असता. निदान ती सूनबाई मास्तरांकडे राहू दे.

आणि मी गप्प राहिलोही. माती खाल्ली ती वेगळीच. दोन दिवस सहा वाजता माझ्याने त्यांची थट्टा होईना. तिसऱ्या दिवशी ते उठायच्या बेतात असताना मी म्हणालो, "मास्तर, आज आमच्याकडे जेवायला चला." अकरा वर्षांत मी त्यांना घोटभर पाणीसुद्धा घरी विचारलेलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला मान खाली घालावी लागली.

"कुठल्या गाडीतली कॅसेट?" त्यांनी विचारलं.

"नर्सबाईंच्या."

"पिन सैल झाली असणार." ते पुन्हा स्टुलावर बसले. "पोरं गेली त्याला सहा वर्षं झाली. भांडण वगैरे काही नाही. तिकडे जागा लहान आहे." मग म्हणाले, "आणखी कोणी ऐकलं?"

"नाही," मी म्हणालो. माझा मलाच राग आला. धमकावून घ्यावं तसं मी त्यांचं घर काढून घेतलं होतं, आणि तेही जेवायला बोलावून.

सव्वासहा झाले. साडेसहा झाले. मास्तर उठेनात. एक उघडा टेप पुढ्यात घेऊन ते उगीचच त्याचे स्क्रू लावत, काढत बसले. मी शटर ओढलं, कुलूप घातलं आणि त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. "चला ना मास्तर. साधंच जेवण आहे."

"आज नको," ते मान वर न करता म्हणाले. "घरी सांगितलेलं नाही."

बोलून गेल्यावर त्यांचा हात थांबला. मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि घराकडे चालू लागलो.