डबा झाकायचा की नाही

"एकदा झाकली ना, का ती वस्तू गेली समज. आपल्या घरात झाकलेलं कोणी परत उघडलंय का कधी?"

हे पप्पा म्हणाले, डब्याच्या बाहेर उभे राहून, मामाला. मी आत होते, ओट्याखालचं कपाट पुसत. मी आईबरोबर विहिरीकडे गेले आहे असं त्या दोघांना वाटत असावं. खिडकीच्या जाळीतून त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. मी फडकं तसंच हातात धरून बसले. खोकले नाही, हाकही मारली नाही. लोकांना मी नाही असं वाटतं तेव्हा मी नसल्यासारखीच राहते, ही माझी लहानपणापासूनची सवय.

डबा म्हणजे आमचा कॅरव्हॅन. गाडीमागे जोडून ओढायचं दोन चाकांचं पांढरं घर. आत दोन गाद्या, एक शेगडी, आणि ज्याच्यासाठी तो घेतला ते खुर्चीसारखं कमोड. कॅरव्हॅन हा शब्द घरात फक्त मी वापरायचे, तोही सुरुवातीला. आईनं पहिल्याच दिवशी त्याला डबा म्हटलं आणि तेच नाव पडलं. कागद मिलमधून रिटायर झाल्यावर पप्पांनी इंदूरच्या एका माणसाकडून तो जुना विकत घेतला. आईचे गुडघे वाकत नाहीत. धर्मशाळा असो, ढाबा असो की नातेवाइकांचं घर, तिचा प्रवास संडासाच्या दाराशी येऊन थांबतो. लग्नाला जायचं असलं तर ती सकाळपासून पाणी पीत नाही.

पप्पांनी फोनवर कच्छचं पांढरं रण पाहिलं आणि ठरवलं, हिला तिथे न्यायचं. "मीठ बघायला एवढ्या लांब?" आई म्हणाली होती. "किराणावाल्याकडे काय काळं मिळतं?" पण पुढच्याच आठवड्यात तिनं इथल्या लूमवरचं निळ्या चौकड्यांचं कापड आणलं आणि डब्याचे पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवायला बसली. तेव्हा आम्हाला कळलं की तिला जायचंय.

राजपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत डबा शिरत नाही. त्यामुळे तो फोपनारला, मामाच्या शेतावर, केळीच्या बागेला लागून उभा असतो. आणि तो चालवणार मी. पप्पांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. डॉक्टरांनी हायवेवर गाडी चालवायला मनाई केली आहे. ड्रायव्हर ठेवू म्हटलं तर आई विचारते, "आणि तो झोपंल कुठे? माझ्या पायाशी?" म्हणून उन्हाळ्यात मी मामाच्या शेतरस्त्यावर डबा जोडून गाडी चालवायला शिकले. रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. डबा डावीकडे न्यायचा तर चाक उजवीकडे. ते मला लवकर जमलं. मामाच्या गड्यांनी टाळ्या वाजवल्या. पप्पा तर भेटेल त्याला सांगत सुटले, "अपनी छोरी डबा रिव्हर्स घेते. भले भले ट्रकवाले पाहत राहतात."

खरं तर रिव्हर्समध्ये काही भ्यायचं नव्हतंच.

आम्ही एकदाच बाहेर गेलो, ओंकारेश्वरला. जाताना असीरगडच्या उतारावर एक ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या वाऱ्यानं डबा हलायला लागला. आधी थोडा, मग माशाच्या शेपटीसारखा, या कडेला, त्या कडेला. गाडीचं मागचं चाक उचलल्यासारखं वाटलं. मी ब्रेक दाबला नाही, काहीच केलं नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय भीतीनं उचलला गेला, तेवढंच. मग तो आपोआप सरळ झाला. आई मागच्या सीटवर झोपली होती. पप्पा शेजारी होते, पण त्यांना आरसा दिसत नाही. ते म्हणाले, "घाट कसा आरामात काढला बघ!" मी हसले. परत येईपर्यंत आणि त्यानंतरही मी कोणाला काही सांगितलं नाही. इतकं कौतुक होत असताना कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं.

आता कच्छला जायचं जानेवारीत ठरलं होतं. दिवाळीला इंदूरच्या नोकरीवरून घरी आले तेव्हापासून मी एकच गोष्ट मनात घोळवत होते: ते जाणं कसं टळेल.

"दाजी, थंडी आली का आपण घडाले पिशवी घालतोच ना?" बाहेर मामा म्हणत होता. "मग ह्यानं काय पाप केलं? वरून दव पडतं, पाखरं घाण करतात. झाकून टाकू."

"अरे, केळीचा घड आहे का तो? मिलमध्ये ओलसर रीळ कोणी प्लास्टिकमध्ये गुंडाळलं ना, तर ते आतून रडायचं. सगळा कागद वाया. याला हवा पाहिजे."

"तुमचा कागद अन् माझी केळी. आता भाचीलेच विचारू. इंग्लिशमध्ये शिकली ती कशासाठी?"

मी मागच्या बाजूनं उतरून, विहिरीवरून आल्यासारखी त्यांच्यासमोर आले. मामानं हुकूम सोडला, "पोरी, बघ गं मोबाइलमध्ये. हिवाळ्यात असा डबा ठेवायचा तर झाकायचा का नाही?"

मी वाचलं. लिहिणारे लोक बर्फ पडणाऱ्या देशांतले होते. नळ्यांमधलं पाणी गोठतं, छतावर बर्फ साचतो, असं बरंच काही. आमच्याकडे हिवाळ्यात गोठून गोठून गोठतं ते खोबरेल तेल. पण मुद्द्याचं सगळं त्यात होतं. झाकायचं तर हवा खेळेल अशा कापडानं झाका. प्लास्टिक किंवा ताडपत्री घालू नका, आत ओल धरते. डबा कोरड्या, सावलीच्या जागी उभा असेल तर नाही झाकला तरी चालतं.

मी हे सगळं वाचलं, सावकाश, शेवटपर्यंत. ते दोघं माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. मला पप्पांचं मघाचं वाक्य आठवत होतं. घराच्या मागे त्यांची मिलच्या दिवसांतली स्कूटर ताडपत्रीखाली आहे. ती 'पुढच्या महिन्यात काढू' म्हणून झाकली, तेव्हा मी शाळेत होते. डबाही तसाच राहिला असता. कोणालाच नाही म्हणावं लागलं नसतं.

"झाकायला पाहिजे म्हणतात," मी म्हणाले.

"घ्या दाजी!" मामानं मांडीवर थाप मारली. "इंग्लिशमध्येच लिहिलंय!"

पप्पांनी मग मला विचारलं, "प्लास्टिक चालतं का पण? त्याचं काय लिहिलंय?"

"त्याचं वेगळं काही नाही लिहिलेलं."

इतकं सहज बोलून गेले मी. फोन खिशात ठेवला. पप्पांनी मान हलवली. त्यांचा स्वतःच्या अनुभवापेक्षा माझ्या इंग्रजीवर जास्त विश्वास आहे. त्या इंग्रजीसाठी त्यांनी किती ओव्हरटाइम केला ते मला माहीत आहे.

मामाकडे मल्चिंगच्या कागदाचा मोठा रोल उरलेला होता. वाफ्यांवर अंथरतात ते प्लास्टिक. नाव कागद, असतं प्लास्टिक. त्यानं आणि दोन गड्यांनी ते डब्यावरून घेतलं, टेपनं जोडलं. मग शेतात करतात तसंच केलं: वारा शिरून उडू नये म्हणून कडा खाली जमिनीत दाबल्या आणि वरून माती ओढली, चारी बाजूंनी. माती काळी, शेजारच्या ठिबकच्या पाण्यानं ओलसर. आईनं त्याच सकाळी डबा आतून धुऊन काढला होता. "आता मुंगीबी शिरणार नाही," मामा हात झटकत म्हणाला. मला माहीत होतं की मुंगीच काय, वाराही शिरणार नाही. मी म्हटलं, "छान झालं."

नंतरचे दिवस मी घरूनच ऑफिसचं काम केलं. दुपारी ऊन कडक असायचं, पहाटे गारठा. चहा पिताना मला शेतावरचं ते चमकणारं प्लास्टिक डोळ्यांसमोर दिसायचं. पप्पांना सांगावं असं रोज वाटायचं. आणि सांगितलं तर ते लगेच फोपनारला जाऊन ते काढतील आणि आनंदानं जानेवारीची तयारी सुरू करतील, हेही कळायचं. मग मी दुसरं काहीतरी बोलायचे.

तुळशीचं लग्न झाल्यावर मी इंदूरला परत जाणार होते. जायच्या आदल्या दिवशी आईला डब्यातला कुकर हवा झाला, म्हणून आम्ही तिघं फोपनारला गेलो. मामानं माती बाजूला केली, प्लास्टिक उचललं. त्याच्या आतल्या बाजूनं पाण्याचे ओघळ होते. दार उघडल्यावर जो वास आला त्यानं मामी दोन पावलं मागे सरकली.

खिडक्यांच्या काचा आतून घामेजलेल्या. कपाटाचं प्लायवूड फुगून त्याचं दार लागेना. निळ्या चौकड्यांवर काळे ठिपके, पडद्यांवर, खोळींवर, गादीच्या शिवणीतून आत गेलेले.

"वा!" मामी मामाला म्हणाली. "गावभरच्या आंब्यांना अढी लावता, आता ताईच्या घरालेबी पिकायले घातलं का?"

एरवी मामा तिला सोडत नाही. एकाला दोन ऐकवतो. त्या दिवशी तो खाली बसून प्लास्टिकच्या कडेची माती बोटानं खरवडत राहिला. मग म्हणाला, "माझंच चुकलं दाजी. तुम्ही सांगत होते. मी आपलं वाफ्यासारखं दाबून दिलं. अडाणी माणूस."

"तुझं कसलं चुकलं? हो तर मीच म्हटलं ना," पप्पा म्हणाले. "इतकी वर्षं मिलमध्ये काढली अन् अक्कल गहाण ठेवली."

दोघांनी चूक आपापसात वाटून घेतली. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही. मामी एकदा म्हणाली, "पोरीनं तर बरोबरच सांगितलं असंल, यांनीच काहीतरी अर्धवट ऐकलं." त्यावर मामानं मान डोलावली. मी आत जाऊन गादी उचलायला लागले. गादी जड झाली होती.

आई सगळ्यात शांत होती. तिनं खोळी काढल्या, उलट्या केल्या, ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. "रिठ्याच्या पाण्यात जाईल," ती म्हणाली. "नाही गेलं तर दुसऱ्या शिवीन. कापड उरलंय." पप्पांनी मला गाडी जोडून डबा उन्हात काढायला सांगितलं. मी काढला, रिव्हर्स घेऊन, एका फटक्यात. गडी थांबून बघत होते. पप्पांचा चेहरा पुन्हा उजळला. "आता नाहीच झाकायचा," ते म्हणाले. "महिनाभर ऊन खाऊ दे. संक्रांत झाली का निघू."

आम्ही गाद्या बांधावर वाळत घातल्या. आई डब्याच्या पायरीवर बसली, गुडघे सरळ पुढे करून. हातात ती ओली खोळ होती.

"एक विचारू का?" ती पप्पांना म्हणाली. तिचा आवाज लाजल्यासारखा होता. आई लाजलेली मी फार वेळा पाहिलेली नाही. "कच्छला जाताना मी यातच पडून आले तर चालेल? गाडीत पाय लटकून सुजतात. ओंकारेश्वरहून आले तर चार दिवस चप्पल घालता येईना. इथे पाय लांब करून, खिडकीतून बघत येईन."

"न चालायला काय झालं?" पप्पा म्हणाले. "आरामात झोपून ये. पोरगी चालवतेय, पेल्यातलं पाणी हलणार नाही."

आई माझ्याकडे बघून हसली. ती मनात त्या गादीवर आडवी झालेलीसुद्धा होती, मला ते दिसत होतं. आणि मला आरसा दिसत होता, त्यात या कडेहून त्या कडेला जाणारा डबा, आणि आता त्याच्या आत ती.

मामा पाण्याचा तांब्या घेऊन आला होता. मामी खोळी पिळत होती. मी एवढ्या लोकांसमोर सहसा बोलत नाही. आवाज लागला तो नको इतका मोठा लागला.

"आई, तू त्यात बसायचं नाहीस. तो हलतो. असीरगडच्या उतारावर पुरा हलला होता, तू झोपली होतीस, मी आरशात पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही. आणि मामा, तुमचं काही चुकलं नाही. प्लास्टिक घालू नका असं लिहिलेलंच होतं. मी वाचलं होतं. मला वाटलं, एकदा झाकला की जाणं राहून जाईल. पप्पा, मला रिव्हर्सच येतं फक्त. पुढे चालवायची मला भीती वाटते."