साबणाच्या वासाचा चहा

वय झालं की माणसाचा राग निवतो, असं म्हणणाऱ्यांनी आमच्या जिभलीबाईकडे एक चक्कर मारावी. राग निवणार नाही, पण गैरसमज नक्की निवेल.

जिभली हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. चहाच्या कंपनीत ती चहा चाखायला होती, म्हणून आम्ही गोदामातल्या रिकामटेकड्यांनी ते चिकटवलं. चाखणं म्हणजे तुमच्याआमच्यासारखं बशीत फुंकर घालून पिणं नव्हे. लांब टेबलावर चाळीस पांढऱ्या वाट्या मांडलेल्या. चमच्यानं घोट उचलायचा, सुर्रकन ओढायचा, जिभेवर घोळवायचा आणि पायाशी ठेवलेल्या तस्तात थुंकायचा. गिळायचा मात्र नाही. गिळत बसलं तर चाळिसाव्या वाटीपर्यंत जीभ जागी राहत नाही. बाईची जीभ अशी तिखट, की पेटी गोदामाच्या कुठल्या भिंतीला टेकली होती तेसुद्धा सांगेल.

एकदा हिरव्या चहाचा मोठा माल आला. बाईनं घोट घेतला, थुंकला आणि म्हणाली, "साबणाचा वास येतोय." हिरवा चहा तसा लोचटच; शेजारी ठेवाल त्याचा वास अंगाला लावून घेतो. पण टेबलाचे मुख्य होते थोरले साहेब, आणि थोरल्या साहेबांना घाई होती. "बाई, तुम्हाला सर्दी झालीय," म्हणाले आणि माल पुढे सोडला. पंधरा दिवसांत सगळा माल परत आला. मालकांनी विचारलं, पास कुणी केला? साहेब म्हणाले, "बाईंनी. जीभ गेलीय त्यांची."

बाईची रवानगी लेबलांच्या खोलीत झाली. तिथं जिभेला एकच काम, लेबलाची पाठ ओली करायची. एकवीस वर्षं तिनं ते केलं.

पुढे दोघंही निवृत्त झाले. साहेबांनी एकदा, चार माणसांत, खरं सांगावं, एवढीच बाईची इच्छा उरली होती. अशात साहेबांना विसरायचा आजार जडल्याची बातमी मी तिला पोचवली. बातम्या पोचवल्याशिवाय मला अन्न पचत नाही.

मला वाटलं, खूश होईल. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "विसरून सुटतोय होय? बरा सुटेल."

तडक डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, "हिरव्या चहानं मेंदूच्या पेशी टिकतात असं उंदरांवर आणि काचेच्या बशीत दिसलंय. माणसांचं अजून पक्कं नाही. पण दोनतीन कपांनी अपायही नाही."

बाईला तेवढं पुरलं. रोज सकाळी थर्मास घेऊन साहेबांच्या दारात, आणि तिच्या मागोमाग मी. साहेबांची सून विरघळली. "मावशी, सख्खी बहीण इतकं करत नाही हो."

"सख्ख्या बहिणीला माझ्याइतकी गरज नसते," बाई म्हणाली.

चार महिने गेले. साहेब सुधारायच्या ऐवजी आणखी हरवत चालले. एक दिवस सून चाचरत म्हणाली, "मावशी, रागावू नका, पण चहा पोटात जातोय कुठं? सगळा या भांड्यात पडतोय."

बाईनं खाली पाहिलं. साहेबांच्या पायाशी तस्त होतं. पहिल्या दिवशी तिनंच आणून ठेवलेलं, जुन्या सवयीनं. साहेब घोट ओढत, घोळवत, थुंकत. आणि समोर बसलेल्या बाईला त्यात वावगं ते काय दिसणार? दोघंही टेबलावरचेच. चार महिन्यांत एक थेंब गिळला गेला नव्हता. मी पोट धरून हसलो. बाईनं माझ्याकडे असं पाहिलं, की हसू घशातच राहिलं.

घरी येऊन तिनं मूठभर हिरवा चहा डब्यात घातला, वर साबणाची वडी ठेवली आणि झाकण लावलं. "थुंकतोच आहे ना? मग थुंकू दे," म्हणाली.

चौथ्या दिवशी तो चहा साहेबांच्या पुढ्यात आला. सून, मुलगा आणि अर्थातच मी, बाईनं मुद्दाम बसवलेले. साहेबांनी घोट ओढला. घोळवता घोळवता थांबले. थुंकले.

"साबण," ते म्हणाले. मग पुढं वाकून माझ्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बाईंनी सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. मालकांना कळू देऊ नका, मी बाईंचं नाव सांगून मोकळा झालोय."

मुलानं मान खाली घातली. सून बाईकडे बघत राहिली. बाईनं नुसता थर्मास उचलला.

दुसऱ्या दिवशी ती म्हाताऱ्या मालकांनाच घेऊन आली, काठीसकट. साहेबांनी घोट घेतला, थुंकला आणि कालचं सगळं नेमकं मालकांच्याच कानात सांगितलं, वर म्हणाले, "मालकांना कळू देऊ नका."

मालकांनी काठीच्या मुठीवरून हात फिरवला. "बाई, आता मी काय करू?"

"काही नको. ऐकलंत ना? जिना जपून उतरा."

ते गेल्यावर तिनं साहेबांना हळूच सांगितलं, "साहेब, ते मालक होते." साहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सकाळपर्यंत मात्र सगळं पुसलं गेलं. मुलाला विचारत होते म्हणे, "काल कोण आलं होतं?"

मला वाटलं, आता बाई यायची थांबेल. कसली थांबते? परवा डोकावलो तर तस्त गायब, आणि थर्मासात चांगला, बिनसाबणाचा चहा.

"गिळा, साहेब."

"गिळायचं नसतं, बाई."

"आता गिळायचं असतं."

मी म्हटलं, "अगं, सगळ्यांनी ऐकलं. मालकांनी ऐकलं. आता तरी सोड त्याला."

"मालकांनी ऐकलं हे त्याच्या लक्षात कुठं राहिलंय?" ती म्हणाली. "एक रात्र तरी राहू दे. एकवीस वर्षं मी जशी झोपले, तशी एक रात्र त्याला झोपू दे."

साहेबांनी डोळे मिटून घोट गिळला. तोंड वाकडं झालं. "कडू आहे. पाणी जास्त उकळलंय."

"मुद्दामच उकळलंय," बाई म्हणाली आणि कप पुन्हा भरला.