खालच्या मजल्यावरचं गरगट

पत्र दुपारच्या टपालानं आलं. निळं आंतरदेशीय, आणि पत्त्यावरचं अक्षर सुभेदारसाहेबांचं, पूर्वी आमच्या खाली राहणाऱ्या अक्काच्या नवऱ्याचं. अक्काचं अक्षर नाही एवढं पाहून मी ते तिथंच उभ्यानं फोडलं. आत आठच ओळी होत्या. गेल्या सोमवारी सकाळी अंगणात भाजी निवडत बसली असताना तिच्या छातीत दुखायला लागलं, गडहिंग्लजच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... ‘माईंना जपून सांगावे’ ही शेवटची ओळ. मी जपून सांगितलं. माई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या खिडकीशी वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी कापूस खाली ठेवला, पदर तोंडाला लावला आणि लहान मुलीसारख्या हमसून हमसून रडायला लागल्या. माझे सासरे गेले तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि लिहायचंच तर खरं लिहिते, त्या वेळी माझ्या मनात अक्काचा विचार पहिला आला नाही. पहिला विचार आला तो असा, की उद्या मी गेले तर या बाई माझ्यासाठी असं रडतील का?

आम्ही जयपूरला आलो ते ब्याऐंशीच्या हिवाळ्यात. ह्यांची विम्याच्या कचेरीतली बदलीची नोकरी. शास्त्री नगरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. सासरे नुकतेच गेले होते, त्यामुळे माई आमच्याबरोबर आल्या, आणि आमची चिनू तेव्हा चार वर्षांची होती. पुढच्या वर्षी खालच्या मजल्यावर सुभेदारसाहेब आणि त्यांची बायको राहायला आली. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते भाजीच्या ठेल्यापाशी. जवळच्या चौमू गावची भाजी घेऊन येणाऱ्या भैयाशी ती हिंदी-मराठीची खिचडी करून बोलत होती आणि एकेक जुडी उलटी करून तिची मुळं बघत होती. मी नेहमीप्रमाणे पालक घेतला. तिनं माझ्या पिशवीत डोकावलं आणि हातातली दुसरीच जुडी माझ्यापुढं धरली. “वर्षभर इथं राहतीस आणि हे घेत नाहीस व्हय? अगं, हे बथुआ म्हणत्यात तो आपला चाकवतच की.” मी वर्षभर त्या जुडीला रानगवत समजत होते. मी तिला “अहो” म्हणायला लागले तर ती म्हणाली, “थोरल्या बहिणीला कुणी अहो म्हणतं काय? अक्का म्हण.” माझ्याहून ती दहा-बारा वर्षांनी मोठी होती. पहिल्या भेटीतच तिनं मला माझं अज्ञान दाखवलं आणि नातंही ठरवून टाकलं. मला दोन्ही आवडलं नाही.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास ती वाटीवर ताटली झाकून वर आली. आत गरगट होतं. आम्हां नाशिककडच्यांना हा पदार्थ ठाऊक नव्हता. दक्षिणेकडं, कोल्हापूरच्या खाली आणि कर्नाटकाच्या सीमेला, घरोघर करतात. दोन-तीन पालेभाज्या एकत्र, बरोबर तूरडाळ, भिजवलेले शेंगदाणे, हिरव्या मिरच्या. सगळं मऊ शिजवून रवीनं घोटायचं, आंबटपणाला चिंच, आणि वरून लसणाची सढळ फोडणी, लसूण पार तांबूस होईपर्यंत. दिसायला काही खास नाही. हिरवंकाळं, दाट, भाकरीवर घेतलं की जागचं न हलणारं. माईंनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. मला वाटलं, तिखट लागलं. मग त्यांनी अक्काला विचारलं, “तुमचं गाव कोणतं?” अक्कानं सांगितलं. माई म्हणाल्या, “माझं माहेर निपाणीजवळचं...”

लग्नाला सात वर्षं झाली होती माझ्या. माईंचं माहेर ‘तिकडं खाली कुठंतरी’ आहे एवढंच मला माहीत होतं. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या नाशिकला आल्या, तिथल्यासारखं बोलायला आणि रांधायला शिकल्या, आणि आपलं माहेर त्यांनी कुठं ठेवून दिलं ते मी कधी विचारलंच नव्हतं. त्या दुपारी अक्कापाशी त्यांनी सगळं काढलं. त्यांची आई, परसातला चाकवत, घोटताना कडेला उडालेलं चाटायला मिळावं म्हणून होणारी बहिणीबहिणींची भांडणं. अक्काच्या गावाकडं बायकाही ‘मी येतो, मी जातो’ असं बोलतात. चिनूला त्याची मोठी गंमत वाटायची. अक्का निघताना “येतो माई” म्हणाली, आणि माई सहज म्हणून गेल्या, “ये. मी वाट बघतो.” माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. माझ्या सासूबाईंच्या तोंडून मी ही भाषा कधी ऐकली नव्हती. त्यांच्या आत दुसरीच एक मुलगी राहत होती, आणि तिला बाहेर बोलावलं ते खालच्या मजल्यावरच्या बाईनं, एका वाटीत.

पुढं रोजचंच झालं. सुभेदारसाहेब पहाटेच छावणीत जात, एकुलती मुलगी लग्न होऊन गेलेली, त्यामुळे अक्काची सकाळ मोकळी असे. कधी मेथी-बथुआ, कधी इथली चंदलोई, म्हणजे आपला माठ, कधी मुळ्याचा पालासुद्धा. साडेअकरा वाजले की माई दाराशी खुर्ची ओढून बसत. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नसे. मी केलेल्या भाजीला त्या “बरी आहे” म्हणत. सात वर्षं मी त्या ‘बरी’वर काढली होती. अक्काची वाटी मात्र बोटानं पुसून रिकामी होई. चिनूही म्हणायला लागली, “आई, मुझे नीचेवाली भाजी पाहिजे.” तिलक नगरला एका मराठी घरी आम्ही हळदीकुंकवाला गेलो, तेव्हा तिथल्या यजमानीण बाईंनी माझी ओळख करून दिली ती “या अक्कांच्या वर राहतात” अशी. मी हसले. हसता येतं अशा वेळी. घरी आल्यावर मात्र शेंगदाण्यांचा डबा मी इतका जोरात आपटला की झाकण वाकलं.

आणि मग मी ते केलं. सांगायला लाज वाटते, पण अक्काबद्दल लिहून ते गाळलं तर ती गोष्ट माझ्या सोयीची होईल. एका सकाळी मी खाली जाऊन तिला सांगितलं, “अक्का, माईंना पोटात दुखतं. डॉक्टरांनी पालेभाजी बंद करायला सांगितलीय. तू समोर आलीस की त्यांना खावंसं वाटतं, तेव्हा थोडे दिवस वर नको येऊस.” कुठले डॉक्टर आणि कसलं दुखणं... तिचा चेहरा खरोखर उतरला. “माझ्यामुळं तर नाही ना गं बाधलं?” तिनं विचारलं. मी नाही म्हटलं, पण जरासं थांबून म्हटलं. त्या थांबण्याची मला जास्त लाज वाटते.

माईंना मी सांगितलं, अक्का कामात आहे. तरी त्या साडेअकराला दाराशी बसत राहिल्या. आठवडाभरानं खुर्ची परत खिडकीपाशी नेली, ती स्वतःच, ओढत. भाकरी अर्धी टाकायला लागल्या. मी इरेला पेटले होते. मीच गरगट करायला घेतलं. तिचं बघून बघून मला सगळं माहीत होतं, निदान असं वाटत होतं. चार वेळा केलं. चारही वेळा माई म्हणाल्या, “बरं आहे.” पाचव्यांदा मी लसूण दुप्पट घातला, आणि फोडणीचा वास जिन्यानं खाली गेला.

थोड्या वेळानं अक्का दारात उभी होती. कानाखाली घाम, हातात पदराचं टोक. माईंच्या ताटात हिरवंगार गरगट वाढलेलं. तिनं ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्या हातात पळी होती. तिनं एक शब्द उच्चारला असता तर सासूपुढं माझी सगळी अब्रू गेली असती.

“कुठं गेली होतीस गं?” माई म्हणाल्या. आवाज रुसलेला.

“गुडघा धरला हुता माई,” अक्का म्हणाली. “जिना चढवंना. ह्या मालतीला म्हटलं हुतं सांग म्हणून, विसरली असंल पोर.”

मग ती माझ्यामागून स्वयंपाकघरात आली, पातेल्यातलं बोटावर घेऊन चाखलं आणि हळू आवाजात म्हणाली, “डाळ बोचरी राहिलीय. चिंच आधीच घातलीस?” मी हो म्हटलं. “आंबट पडलं की डाळ शिजायची थांबती. आधी शिजवून घोटून घे, मग चिंच.” मला राहवलं नाही. मी म्हटलं, “अक्का, ते डॉक्टरांचं...” तिनं मला पुढं बोलूच दिलं नाही. “राहू दे की. माझी सासू माझ्या जावेच्या हातचंच खायची. एकदा मी जावेचं विरजणाचं भांडं उलटं करून ठेवलं हुतं.” मी विचारलं, मग काय झालं? “काय हुणार? सासरा दोन दिवस दह्याशिवाय जेवला.” आणि ती बाहेर माईंपाशी जाऊन बसली.

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं मला क्षमाही केली नाही, नुसतं समजून घेतलं, जसं काही मी केलं ते कुठल्याही सुनेनं केलंच असतं. आता तिच्या भाजीबरोबर तिच्या मनाचाही मला हेवा वाटायला लागला. तो भाजीपेक्षा वाईट. भाजी शिकता येते. चिंच उशिरा घालायला लागल्यापासून माझं गरगट खरंच सुधारलं, माईंनी “आज जमलंय” असंही एकदा म्हटलं, आणि लगेच विचारलं, “अक्कानं सांगितलं ना?” अक्कानं स्वतः मात्र माझं कौतुक कधी केलं नाही. काहीतरी उणं ती काढायचीच, आणि ते नेहमी खरं असायचं.

शहाऐंशीत सुभेदारसाहेब निवृत्त झाले आणि दोघं गावी जायला निघाली. निघायच्या दिवशी माईंनी आपली ट्रंक उघडायला लावली आणि तळातून हिरवं इरकल काढलं. त्यांच्या आईनं लग्नात दिलेलं, एकदाच नेसलेलं. मी दर दिवाळीत त्याला ऊन द्यायचे, आणि मनात धरून चालले होते की ते कधीतरी माझ्याकडं येईल, नाहीतर चिनूकडं. माईंनी ते अक्काच्या हातावर ठेवलं. “माई, हे मालतीचं,” अक्का म्हणाली. माई म्हणाल्या, “तिला ह्यातलं काय कळणार?” मी तिथंच उभी होते. माई वाईट मनाच्या नाहीत. त्यांना वाटलं ते त्या बोलल्या, एवढंच. जिन्यात अक्कानं मला थांबवलं, पिशवीतून इरकल काढलं आणि माझ्यापुढं धरलं. “ठेवून घे. माईंना सांगणार नाही.” मी म्हटलं, “मला द्यायचं ते तुला का दिलं असं मी म्हटलंय का? तुझंच आहे ते.” एवढा कोरडा आवाज मी आयुष्यात कधी काढला नव्हता. तिनं इरकल परत पिशवीत घातलं, माझ्या गालावरून हात फिरवला. “येतो गं,” म्हणाली. टांग्यात बसेपर्यंत तिनं दोनदा मागं वळून पाहिलं. दोन्ही वेळा मी वर गॅलरीत माईंकडं पाहत होते. आमची ती शेवटची भेट.

नंतर पत्रं येत राहिली. माईंना नीट दिसेनासं झालं होतं, म्हणून त्या सांगत आणि मी लिहीत असे. “तुझ्या हातच्या भाजीशिवाय जेवण जेवणासारखं वाटत नाही” हे वाक्य त्यांनी तीन पत्रांत सांगितलं. मी एकाच पत्रात लिहिलं.

आणि आता ती नाही. गेल्या वर्षापासून माईंचं नवं नवं पुसलं जातं, जुनं तेवढं राहतं. पत्र आलं, त्या रडल्या, हे चार दिवसांत पुसलं गेलं. अक्का गावी गेली हेही कधी आठवतं, कधी नाही. मी दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा त्या नव्यानं रडल्या, पहिल्या दिवसाइतक्याच. तेव्हापासून मी सांगायचं सोडून दिलं.

परवा ठेल्यावर या हिवाळ्यातला पहिला बथुआ आला. मी मेथी आणि पालकही घेतला, दुपारी गरगट केलं. डाळ शिजवली, घोटली, मग चिंच. माई मन लावून जेवल्या, आणि जेवता जेवता म्हणाल्या, “वाटीभर खाली अक्काला देऊन ये. बघू दे तिला.” मी वाटीवर ताटली झाकली आणि जिना उतरले. खालच्या मजल्यावर आता एक तरुण जोडपं राहतं. दोघं नोकरीला जातात, दिवसा कुलूप असतं. त्या कुलपासमोर, शेवटच्या पायरीवर मी बसले आणि वाटी मांडीवर घेऊन ते सगळं गरगट बोटानं खाल्लं. बराच वेळ लागला...

वर आले तेव्हा माई वाट बघत होत्या. “काय म्हणाली?”

मला काहीही सांगता आलं असतं. छान झालंय म्हणाली, माझ्यापेक्षा चांगलं झालंय म्हणाली. माईंनी विश्वास ठेवला असता, आणि इतक्या वर्षांत एकदा तरी त्यांच्या तोंडून ते वाक्य मला परत ऐकायला मिळालं असतं. वाक्य जिभेवर आलंही होतं.

“मीठ कमी आहे म्हणाली,” मी म्हटलं. ते खरंच कमी होतं.

माईंनी समाधानानं मान हलवली. “तिला बरोबर कळतं,” त्या म्हणाल्या.