हुकमासोबत काय आलं, हे विचारणाऱ्या वत्सलाताई

घाटकोपरच्या महापालिका शाळेत मी मुख्याध्यापक म्हणून नुकताच रुजू झालो होतो, तेव्हाची गोष्ट. मुलांची आरोग्यतपासणी सुरू करा, असं सरकारी परिपत्रक आलं होतं आणि मी ते मोठ्या हौसेने फलकावर लावलं होतं. शाळेत आलेल्या एका बाईंनी ते चष्मा लावून वाचलं, कागद उलटून मागची बाजूही पाहिली आणि विचारलं, "गुरुजी, ह्या कागदावांगडा काय इला?" मी साताऱ्याकडचा. वांगडा म्हणजे सोबत, हे त्यांनीच मला समजावलं. डॉक्टर आला का, वजनाचा काटा आला का? मी म्हणालो, नाही, कागदच आलाय. "मगे तपासतलात कशान? फूटपट्टीन?" आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका श्रीमती वत्सलाताई तोंडवळकर यांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

यंदा ताईंची एकसष्टी. गौरवग्रंथात गोड लिहावं असा प्रघात आहे, पण ताईंबद्दल नुसतं गोड लिहिलं तर त्या पान उलटून मागची बाजू बघतील.

त्यांचा हट्ट एकच होता. राज्य सरकारने महापालिकेला नवं काम सांगावं, जरूर सांगावं, पण त्याच्या खर्चाची तरतूदही सोबत पाठवावी, नाहीतर ते काम बंधनकारक नसावं. हुकूम काढून शाबासकी मंत्रालयाने घ्यायची आणि दवाखान्यातली औषधं आम्ही कमी करायची, याला त्या 'आयजीच्या जिवावर बायजी उदार' म्हणत. असा हुकूम आला की त्या अधिकाऱ्यांना हाताला धरून प्रसूतिगृहात नाहीतर दवाखान्यात नेत आणि विचारत, "यातलं काय काढून तिकडे देऊ, तुम्हीच सांगा." अधिकारी बहुधा चहाही न पिता परत जात.

आणि तरी ताई एकदा फसल्या. त्याची हळहळ मला अजून आहे.

टेकडीवरच्या वस्त्यांमध्ये बालवाड्या सुरू करा, असा हुकूम आला. सोबत अर्थातच काही नव्हतं. ताई म्हणाल्या, हुकूम सोन्यासारखा आहे, पण पैसे येईपर्यंत बालवाडी नाही. वस्तीतल्या बायका धुण्याभांड्याला जाताना लहानग्यांना कडी लावून घरात ठेवत. त्या ताईंच्या दारात येऊन बसल्या. गणेशोत्सव मंडळाची मुलं म्हणाली, "ताई, तुम्ही फक्त हो म्हणा ना, बाकी आम्ही बघतो. एकदम झकास करू." वर्गणी काढून काम तडीस न्यायची आमच्या उपनगरांची सवय जुनी आहे. ताई विरघळल्या. अनुदान येईपर्यंतच, असं ठरलं.

मंडपाच्या कनातीची बसकरं झाली, बांबूंचं कुंपण झालं. शाळेची मागची खोली मी दिली. मरोळच्या गावठाणातल्या फिलोमिनाबाई शिकवायला आल्या. मानधनाचं नंतर बघू, असं त्याच हसत म्हणाल्या. इतकी गोड बालवाडी मी पुन्हा पाहिली नाही.

मग मंत्रालयातून एक बडे अधिकारी पाहणीला आले. आमच्या बायकांनी त्यांचं औक्षण केलं, पोरांनी गाणी म्हटली. साहेब खूश झाले आणि म्हणाले, "पैशाशिवाय एवढं होतंय, मग अडचण कुठे आहे?" ताई हातात ताम्हण घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

पुढे महापालिकेच्या सभागृहात त्यांचा 'आधी तरतूद, मग हुकूम' हा ठराव आला, तेव्हा समोरच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "ताईंच्या वॉर्डात तर फुकटात चाललंय." सभागृह हसलं. ठराव दफ्तरी दाखल झाला, म्हणजे सभ्य भाषेत पुरला गेला. वर्षानुवर्षं मांडलेलं सगळं त्यांच्याच चांगुलपणाने खोडून निघालं. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

वर्गणी हळूहळू आटली. गणपती आले तशी मंडळाला कनात परत हवी झाली. फिलोमिनाबाई मात्र रोज येत होत्या. एका दुपारी ताई खोलीच्या दाराशी उभं राहून त्यांना शिकवताना बराच वेळ पाहत होत्या. मला म्हणाल्या, "गुरुजी, मी पण सरकारच झाले. काम सांगितलं, सोबत काही दिलं नाही." दुसऱ्या दिवसापासून त्या फिलोमिनाबाईंसाठी नोकरी शोधायला लागल्या. सांताक्रूझच्या एका शाळेत पगाराची जागा मिळवून दिली आणि स्वतः सोबत जाऊन त्यांना रुजू करून आल्या. "ताई, पोरांचं काय?" असं फिलोमिनाबाईंनी विचारलं, तर म्हणाल्या, "ते मला विचारायला लोक येतील. तू जा गं."

लोक आले. बायका नको ते बोलून गेल्या. ताईंनी ऐकून घेतलं, फिलोमिनाबाईंचं नाव मध्ये येऊ दिलं नाही. बालवाडी बंद पडली. टेकडीवरच्या घरांना सकाळी पुन्हा बाहेरून कड्या लागतात.

त्या मागच्या खोलीची किल्ली अजून माझ्याकडे आहे. एकसष्टीनिमित्त बालवाडी पुन्हा सुरू करावी, असं आमच्या गौरव समितीच्या मनात होतं. मी सांताक्रूझला जाऊन फिलोमिनाबाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "येईन की. पण पगाराचं ठरवून या, गुरुजी. ताईंनीच शिकवलंय." ते काही आम्हाला ठरवता आलं नाही.

शतायुषी व्हा, असं शेवटी लिहायचं असतं. ताई कागद उलटून पाहतील आणि विचारतील, ह्याच्यावांगडा काय इला? ताई, यंदाही नुसता कागदच आला आहे. रागवा आमच्यावर, पण प्रकृती सांभाळा आणि पुष्कळ जगा. तुम्ही विचारायच्या थांबलात, तर विचारणारं दुसरं कुणी आम्हाला दिसत नाही.