खळीने चिकटवलेली आठ पानं

बाइंडरदादा कशालाच भीत नाहीत हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते स्वतःच सगळ्यांना सांगत. दुकानात उंदीर निघाला की मात्र त्यांना नेमकी सर्वांत वरची फळी आवरायची आठवण होई आणि ते शिडी चढत.

या लौकिकाचं मूळ एका पुस्तकात होतं. दादा दहा वर्षांचे आणि धाकटी बहीण सात वर्षांची असताना दोघांनी पलंगाखाली पडून हिरव्या हाताची भयकथा वाचली. वाचायचे दादा, बहीण त्यांचा शर्ट घट्ट धरून ऐकायची. शेवटच्या प्रकरणात तो हात कपाटाचं दार आतून ढकलू लागला आणि दादांची बोबडी वळली. दुसऱ्या दिवशी बहीण शाळेत गेल्यावर त्यांनी कणकेची खळ शिजवली आणि उरलेली आठ पानं एकमेकांना चिकटवून टाकली. आयुष्यातलं पहिलं बाइंडिंग! बहिणीला सांगितलं, पानं ओलीने चिकटलीत, पण मी आधीच वाचलीत. शेवट म्हणे असा, की त्या घरात भित्रं कुणी सापडेना, म्हणून हात मुकाट्याने परत गेला.

आता बहीण दवाखान्यात एक्स-रे काढते. रोज वीस-पंचवीस सांगाडे तिच्या डोळ्यांखालून जातात. आईची ट्रंक आवरताना तिला ते पुस्तक सापडलं आणि भर दुपारी ती दुकानात हजर झाली. म्हणाली, नीट बांधून दे, आणि शेवटची पानं सोडव, मला शेवट वाचायचाय.

इकडे आड, तिकडे विहीर. पानं सुटली तर चाळीस वर्षांची थाप उघडी. सुटत नाहीत म्हणावं, तर भिजून चिकटलेली पुस्तकं सोडवून मिळतील अशी पाटी दारावरच होती, आणि बहीण नेमकी तीच वाचत बसली होती.

दादांनी ओला टीपकागद ठेवला. तो वाळेल म्हणून पुन्हा ओला केला. चष्मा पुसला. बहिणीने स्टूल ओढलं आणि शांतपणे चहा मागवला. शेवटी पातळ सुरी आत सरकली, पहिलं पान सुटलं, आणि दादा थबकले. कडेला पांढरी खळ होती. तिच्यावर मात्र पिवळा, चकाकता डिंक. शाळेच्या बाटलीतला. त्यात एक इवलासा अंगठा उमटलेला.

डिंक तर त्यांनी लावलाच नव्हता. आपली खळ कुणीतरी सोडवून पानं परत चिकटवलीत, हे तीस वर्षं बाइंडिंग करणाऱ्या कारागिराला सांगावं लागत नाही. त्यांनी मान वर केली. बहीण बशीत चहा ओतत होती.

"तिसऱ्याच दिवशी उघडली," ती म्हणाली. "दुधाच्या वाफेवर धरून."

"मग बोलली का नाहीस?"

"रात्री पाणी प्यायला उठलास की मला हलवून सोबत न्यायचास. वर म्हणायचास, तू एकटी घाबरशील. म्हटलं, नेऊ दे."

दादांनी घसा साफ केला. मग शेवट काय होता, असं त्यांनी अगदी सहज, कुणा तिसऱ्यासाठी विचारावं तसं विचारलं.

तिने सांगितलं नाही. पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं आणि स्टूल त्यांच्या खुर्चीला भिडवलं.

"वाच तूच. मी आहे ना इथे."

दादांनी उरलेली पानं सोडवली, चष्मा चढवला, मागच्या कपाटाचं दार नीट लागलंय का ते एकदा पाहिलं, आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानाला त्यांनी डाव्या हाताने बहिणीच्या ओढणीचं टोक धरलं होतं. तिने ते सोडवून घेतलं नाही.