सीटचा रंग निघाला असं वाटलं तेव्हा

लेकीला ताप भरला म्हणून मॅडमच बोललेल्या, गाडी घेऊन जा डॉक्टरकडे, रिक्षात वारा लागेल तिला. मॅडम म्हणजे माझा नवरा ज्यांची गाडी चालवतो त्या, इंद्रलोक भागात राहतात. नोकरी नवीनच होती. जाताना ठीक गेलो, डॉक्टरनी तिथेच औषध पाजलं, आणि येताना काशीमीरा सिग्नलला ट्रकमागे अडकलो तिथं लेकीनं सगळं ओकून काढलं. दूध आणि ते गुलाबी औषध. मागच्या सीटवर. सीट लेदरची, बिस्किटाच्या रंगाची. मी घाबरून ओढणीनं पुसायला गेले तर अजून पसरलं.

नवऱ्यानं आरशातून बघितलं आणि पाण्याची बाटली मागे दिली. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर त्यानं मॅडमना फोन करून खरं ते सांगून टाकलं. त्या बोलल्या, "बाळ बरंय ना? सीटचं बघते संध्याकाळी." संध्याकाळी त्यांना घोडबंदरला लग्नाला जायचं होतं. बघते म्हणजे काय? आधीच्या ड्रायव्हरला एका ओरखड्यावरून काढलं म्हणे.

तोवर सासूबाई खाली आल्या. जन्म गेलाय मासळी विकण्यात, वास कुठलाही असो, त्यांचं औषध एकच, लिंबू आणि मीठ. आम्ही डिकीतून सामान काढतोय तेवढ्यात त्यांनी सीटच्या कोपऱ्यात अर्धं लिंबू घासलंसुद्धा.

"आये! ती गाडी हाय, पापलेट न्हाय!" नवरा धावला.

"मंग? माझ्या हाताचा वास जातो, तुझ्या गाडीचा न्हाय जाणार?"

मी लेकीला खांद्यावर टाकून एका हातानं ओला फडका घेतला, लिंबू पुसलं, आणि फडका बघितला तर तपकिरी. सीटचा रंगच निघालेला! तिथली जागा बाजूपेक्षा फिकट दिसायला लागली. मी रडायलाच लागले. सासूबाईंनी लिंबू पदराखाली लपवलं.

डिकीत लेदर साफ करायची बाटली होती. नवरा झाकण उघडून थेट सीटवर ओतायलाच निघाला. मी बोलले, "अहो, थांबा, आधी वाचू दे." सातवीपर्यंतच शिकलेय मी, बारीक अक्षर वाचायला वेळ लागतो, पण हिंदीत होतं, बोट ठेवून वाचलं. एक झाकण, अर्धी बालदी पाणी. आधी न दिसणाऱ्या जागी लावून बघा. उन्हात सुकवू नका.

त्यानं तसंच कालवलं, फडका घट्ट पिळला, आणि सीटच्या दुसऱ्या टोकाला, खालच्या बाजूला घासला, जिथं लिंबू लागलंच नव्हतं. तिथं पण फडका तपकिरी.

त्यानं फडका उजेडात धरला, बोटानं चोळून बघितला.

"अगं, मळ आहे हा," तो बोलला. "नुसता मळ!"

मला एवढं हसू आलं की लेक जागी झाली. पण आता नवीनच लफडं, दोन्ही टोकं गोरी आणि मधे काळं. मग काय, अख्खी सीट धुवायला घेतली. धुवायला म्हणजे पिळलेल्या फडक्यानंच, शिवणीत पाणी जायला नको म्हणून. नवरा पुसायचा, सासूबाई मागून सुक्या कपड्यानं टिपायच्या, आणि बोलायच्या, "एवढी माया माझ्या मासळीच्या पाटीला कुनी केली न्हाय." मी लेकीला घेऊन दारं उघडी धरून उभी. बिल्डिंगच्या सावलीत गाडी सुकली. गुलाबी डाग गेला, वास पण गेला. तरी नवरा मॅडमना न्यायला निघाला तेव्हापासून मी फोन हातातून ठेवलाच नाही.

अंधार पडायला त्याचा फोन आला. लग्नाच्या हॉलबाहेर उभा होता.

"काय बोलल्या? लवकर सांगा ना!"

"बसल्या. हात फिरवून बघितला. विचारलं, कुठं ओकली होती? मी दाखवलं. मग पुढं वाकून बघत बसल्या."

"मग?"

"बोलल्या, पुढच्या सीटा एवढ्या काळ्या कशा दिसतात? उद्या त्या पण करून घे."

"उद्या बोलल्या? नक्की उद्याच बोलल्या ना?"

"हो गं बाई. उद्या."

मी तिथंच उंबऱ्यात बसले. लेकीच्या कपाळाला हात लावला, घाम आलेला, ताप उतरत होता.