पायाने चालवलेलं लाटणं

मी आयुष्यात एकच यंत्र बनवलं आणि ते लाकडापेक्षा कपड्यांवर जास्त चाललं.

आम्ही राहतो महादेवपुऱ्यात, काचेच्या इमारतींमागच्या एका जुन्या गल्लीत, अक्कांच्या घराच्या मागच्या खोलीत. अक्का मराठीच, पण चार पिढ्या इथे गेल्यामुळे त्यांच्या मराठीला अधूनमधून कन्नडची फोडणी बसते. दोन पिशव्या आणि एक स्टोव्ह घेऊन मी आणि सुमन माढ्याहून आलो, तेव्हा ‘आपल्या भाषेतली माणसं आहेत’ एवढ्यावर त्यांनी खोली दिली. वर अंगणातली स्कूटरची शेड मला हत्यारं ठेवायला दिली. हे उपकार मी एक दिवसही विसरत नाही. (विसरायची सोयच नाही. अक्कांनी नुसतं ‘दिनू’ म्हटलं तरी मला वाटतं, आता खोली सोडायला सांगणार.)

तर, अक्कांचं लाटणं तडकलं. रविवारी त्यांच्या लेकीचे होणारे सासू-सासरे पहिल्यांदा जेवायला येणार होते आणि बेत पुरणपोळीचा होता.

“आणते बाजारातून दुसरं,” अक्का म्हणाल्या.

“छे, मी करून देतो की. सागवानी,” मी म्हणालो. उपकार फेडायची घाई झाली की माणूस असंच बोलतो.

मी होसकोट्याच्या फर्निचरच्या कारखान्यात आहे, हे खरं. तिथे लाकूड गोल फिरवून कातायचं लेथ आहे, हेही खरं. पण माझं काम फळ्यांना पॉलिश पेपर घासायचं. लेथच्या मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, “देखना है तो दूर से देख.” मी चार दिवस लांबून बघितलं आणि घरच्या शेडमध्ये पायाने चालणारं लेथ उभं केलं.

रचना सोपी होती. दोन खांब, दोन्हींना आतून एकेक टोकदार खिळा आणि मध्ये अडकवलेला सागवानी तुकडा. तुकड्याला दोरीचे दोन वेढे. दोरीचं खालचं टोक पायाखालच्या फळीला, वरचं टोक बांबूला. बांबू मात्र लांब निघाला आणि शेड आखूड. म्हणून अर्धा बांबू आत, अर्धा खिडकीतून बाहेर अंगणात, बागेतल्या सीसॉच्या फळीसारखा. बाहेरचं टोक स्कूटरच्या जुन्या ट्यूबने जमिनीतल्या कडीला बांधलं. पाय दाबला की आतलं टोक खाली, बाहेरचं वर, आणि लाकूड गरगर. पाय उचलला की ट्यूब सगळं परत ओढून घेणार.

मी आठवीत शाळा सोडली. तरफेचा धडा बहुधा नववीत असावा.

“अहो, त्यापेक्षा बाजारात जा ना,” सुमन म्हणाली.

“अक्कांना सरप्राइज आहे. तू काही बोलू नकोस.”

सुमन माझं सहसा ऐकत नाही. याच वेळी ऐकलं.

रविवारी सकाळी मी दार लावून आत कामाला लागलो होतो. दोरीचे वेढे बसेनात म्हणून तासभर नुसती बांधाबांध चालली होती. तेवढ्यात अक्का धुण्याची बादली घेऊन अंगणात आल्या. समोर छातीइतक्या उंचीवर एक सरळसोट बांबू. अंगणातल्या आडव्या बांबूला आपल्याकडे एकच अर्थ असतो: वलणी.

“बघ गं सुमन, न सांगता वलणी बांधली पोराने,” असं म्हणत त्यांनी घरभराचं धुणं त्यावर वाळत घातलं. सुमनने एकदा शेडकडे पाहिलं. (“तुम्हीच म्हणालात ना, बोलू नकोस?” हे मला पुढे बऱ्याच वेळा ऐकवण्यात आलं.)

बरोबर दहाला फाटक वाजलं. पाहुणे आले. आणि बरोबर दहालाच माझे वेढे बसले.

पाय दाबला. लाकूड फिरलं. पटाशी टेकवली, भुसा उडाला आणि मला कारखान्याच्या मिस्त्रीची दया आली. बाहेर अंगणात मात्र वलणीने मान उचलली, खाली आपटली, पुन्हा उचलली. पहिला टॉवेल पेरूच्या झाडावर गेला. दुसरा फाटकावर.

“साकु, दिनू, साकु!” अक्का ओरडल्या.

साकु म्हणजे कन्नडमध्ये ‘पुरे’. एवढं कन्नड मला येतं. हॉटेलात येतं, बसमध्ये येतं. पण करकरणाऱ्या खांबांमध्ये, दार बंद असताना, माढ्याच्या कानाला ते ऐकू आलं ‘हाक, दिनू, हाक’. आमच्याकडे बैलगाडी चढावर अडली की अख्खा गाव असाच ओरडतो. माझा ऊर भरून आला. अक्कांना सरप्राइज कळलं आणि त्या मला जोर देतायत!

मी दोन्ही पायांनी फळीवर उभा राहिलो.

त्या दणक्यात अक्कांची इरकल पाहुण्यांच्या गाडीवर पसरली आणि एक ओला परकर विहीणबाईंच्या खांद्यावर जाऊन बसला, मानाची शाल बसावी तसा. मग ट्यूब तुटली. मग सगळं शांत झालं.

मी दार उघडून बाहेर आलो. हातात लाटणं, एका टोकाला मुळा आणि दुसऱ्या टोकाला गाजर. अंगणभर धुणं पसरलेलं दिसलं. मनातल्या मनात मी दोन पिशव्या भरल्या. स्टोव्ह कुठल्या हातात धरायचा तेवढं ठरायचं होतं.

विहीणबाईंनी परकर उतरवून नीट घडी केली. “हा कोण?” त्यांनी विचारलं.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग लाटण्याकडे. “आमचाच आहे हो,” त्या म्हणाल्या. “स्वल्प वेडा आहे.”

आधी विहीणबाई हसल्या, मग सगळे. मी भुसा डोळ्यांत गेल्यासारखं करून जरा वेळ डोळे पुसत राहिलो.

पुरणपोळ्या त्याच लाटण्याने झाल्या. अक्कांचा हट्टच होता. मला ‘साकु’चं ‘हाक’ ऐकू आलं, हेही त्यांनी लाटता लाटता माझ्याकडून काढून घेतलं. प्रत्येक पोळी एका बाजूला पापड, दुसऱ्या बाजूला भाकरी. पाहुण्यांना निवडून त्यातल्या बऱ्या वाढल्या आणि उरलेल्या माझ्याकडे वळल्या.

चौथ्या पोळीला मी पानावर हात आडवा धरला. “साकु, अक्का, साकु.”

“ऐकलं रे,” अक्का पाचवी वाढत म्हणाल्या. “हाकतेच आहे.”